जिन्यातला उजेड

नाशिक रोडला आम्ही पहिली इमारत बांधली, तेव्हा जिन्यातले दिवे गच्चीवरच्या सोलरवरच चालवायचे, असा मी हट्ट धरला. भागीदार खवळला. "लोक फरशी बघून फ्लॅट घेतात, जिना बघून नाही!"

मी म्हटलं, "मग तू फरशी दाखव. मी जिना दाखवतो."

समोर एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या धूर ओकायच्या आणि आमच्याकडे रोज भारनियमन. बाकीचे बिल्डर वीज असेल तेव्हाच गिऱ्हाईक साइटवर आणायचे. मी मुद्दाम वीज गेल्यावर बोलवायचो. एजंट म्हणाला, "शेठ, धंदा बसेल." म्हटलं, बसू दे.

एका संध्याकाळी एक निवृत्त गृहस्थ बायकोला घेऊन आले. राहत्या इमारतीच्या अंधाऱ्या जिन्यात पडून बाईंचा हात मोडला होता. तो अजून गळ्यात बांधलेला होता. आमच्या जिन्यात मात्र लख्ख उजेड. बाई पहिल्याच पायरीवर टेकल्या, वर दिव्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, इथंच घेऊ."

"अगं, आधी फ्लॅट तरी बघ!"

"फ्लॅट काय, उद्या उजेडात बघू."

भागीदार तिसऱ्या मजल्यावरच्या अंधाऱ्या फ्लॅटमध्ये फरशी दाखवायला उभा होता. मी त्याला हाकसुद्धा मारली नाही.