रामाजींचं जाकीट

नागपुरात ज्यांच्याकडे विहीर होती, त्यांना रामाजी नान्हे हे नाव ठाऊक होतं. विहिरीत घागर पडो, पंपाचा फुटव्हॉल्व्ह निखळो, नाहीतर कधी बोलू नये असं काही घडो, कन्हानला त्यांच्या घरी निरोप जायचा. रामाजी सायकलवर यायचे, धोतर सोडून घडी घालून ठेवायचे, लंगोट कसायचे आणि छाती भरून बुडी मारायचे. वय सेहेचाळीस, अंगाने काटकुळे, आवाज हळू. सोळाव्या वर्षापासून हेच काम. विहिरीने आपल्याला कधी रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही, असं ते सांगायचे आणि ते बहुतेक खरं होतं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते १९८१च्या एप्रिलात, रामदासपेठेत मनोहररावांच्या बंगल्यामागच्या विहिरीवर. मी तेव्हा मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची आणि संध्याकाळी क्लबात पोहायची. मनोहरराव बावीस वर्षं नौदलात पाणबुडे होते. निवृत्त होऊन घरी आले, पण पाणी काही सुटेना. परदेशातल्या जावयाकडून त्यांनी हवेच्या टाक्या आणि बाकी सामान मागवलं आणि क्लबातल्या आम्हा पाच जणांना टाकी लावून बुडायला शिकवायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी, विहिरीची खोली दाखवता दाखवता, त्यांच्या हातून खोली मोजायचं घड्याळ आत पडलं. माळ्याने रामाजींना बोलावून आणलं.

दुसऱ्या बुडीत रामाजी घड्याळ घेऊन वर आले. मनोहररावांनी वेळ मोजली होती. एक मिनिट पन्नास सेकंद. ते रामाजींना म्हणाले, उद्यापासून तुम्हीही शिकायला या.

"शिकू काय साहेब?" रामाजी म्हणाले. "बुडता तं मले येते."

"अर्धा तास खाली राहायला शिका."

रामाजींनी धोतर नेसलं आणि सायकल काढली. दुसऱ्या दिवशी मात्र आमच्या सगळ्यांच्या आधी क्लबाच्या तलावावर येऊन बसले होते.

टाकी, तोंडात धरायची नळी, डोळ्यांवरची काच, हे सगळं त्यांनी निमूट घेतलं. पण तरंगायचं जाकीट पुढे केलं तेव्हा हात मागे घेतला. ज्याला पोहता येत नाही त्याने ते घालावं, असं त्यांचं मत होतं. मनोहररावांनी वाद घातला नाही. तसंच पाण्यात जाऊ दिलं.

लोखंडी टाकीच्या वजनाने रामाजी दगडासारखे खाली गेले आणि तळाशी बसले. मग तीस वर्षांची सवय जागी झाली. त्यांनी नळीतून दीर्घ श्वास घेतला, छातीत कोंडला आणि त्या जोरावर ते वर यायला लागले. मनोहरराव बाजूलाच होते. त्यांनी झडप घालून रामाजींचा खांदा धरला, पोटावर थाप मारून श्वास सोडायला लावला आणि मगच वर आणलं.

काठावर आल्यावर मनोहरराव पहिल्यांदाच रागावलेले दिसले. टाकीतली हवा खोलवर दाबाखाली घेतलेली असते, वर येताना ती फुगते, श्वास कोंडून वर आलात तर फुप्फुस फाटेल, हे त्यांनी रामाजींना तीनदा सांगितलं. तुम्ही आजवर वरचाच श्वास घेऊन खाली जात होता, तो खाली दबायचा आणि वर येताना फुगून पुन्हा तेवढाच व्हायचा. इथे तसं नाही. श्वास एकदाही थांबवायचा नाही.

रामाजींनी ऐकून घेतलं आणि सायकल काढून निघून गेले. मला वाटलं, हे आता येत नाहीत. सकाळी आले ते थेट मनोहररावांसमोर उभे राहिले.

"श्वास हाच माहा दोर होता साहेब. थो तुमी घेऊन घेतला. आता त्याच्या बदल्यात काय देता, ते दाखवा."

मनोहररावांनी टेबलावर दोन जाकिटं मांडली. एक निळं, नवंकोरं, बिनबाह्यांच्या कोटासारखं. टाकी त्याच्याच पाठीला बांधलेली, बटण दाबलं की टाकीतली हवा आत यायची. दुसरं नारिंगी आणि जुनं, डोक्यातून गळ्यात अडकवायचं, पुढे छातीवर लोंबणारं. त्याला ते कॉलर म्हणत. तिची टाकी वेगळ्या पट्ट्यांनी पाठीवर घ्यायची आणि हवा तिच्याच वेगळ्या नळीतून तोंडाने फुंकून भरायची. आम्ही पाचही जणांनी निळ्याकडे बोट दाखवलं होतं. मनोहररावांचाही सल्ला तोच होता.

रामाजींनी विचारलं, विहिरीत घालून पाहू का? काम मले तलावात नाई, विहिरीत करायचं हाय.

पुढचे तीन दिवस बंगल्यामागच्या विहिरीवर हेच चाललं. निळं जाकीट कुण्या धिप्पाड माणसाच्या मापाचं होतं. पट्टे शेवटपर्यंत ओढले तरी रामाजींच्या छातीवर ते सैलच राहिलं. हवा भरली की ते कानापर्यंत वर सरकायचं, टाकी पाठीवर झुलायची आणि विहिरीच्या लोखंडी पायऱ्यांना बाजू अडकायची. कॉलरही काही सुखाची नव्हती. जास्त फुगवली तर गळा आवळायची. पण मांड्यांमधून जाणारा तिचा पट्टा लंगोटासारखा कसला की ती जागची हलत नव्हती. दोन फुंकरा मारल्या की रामाजी तळापासून हातभर वर तरंगत उभे राहायचे. गाळ ढवळला जात नव्हता आणि श्वासही चालू होता. छातीने जे काम इतकी वर्षं केलं, ते आता छातीवरची पिशवी करत होती. ते वर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. आल्या आल्या त्यांनी डोळे मिटले आणि हवा भरायची नळी, हवा सोडायची कळ, पट्ट्याची कडी, सगळं हाताने चाचपून पाहिलं. विहिरीत अर्धा वेळ दिसत नाही, म्हणून.

तिसऱ्या दिवशी त्यांची बायको कौसल्या जेवणाचा डबा घेऊन आली. आजवर ती त्यांच्या कामावर एकदाही आली नव्हती. नवरा पाण्याखाली असताना काठावर उभं राहणं तिला जमत नसे. त्या दिवशी मात्र ती पदर खोचून विहिरीच्या कठड्यावर बसली आणि दोन्ही जाकिटं उलटीपालटी करून पाहत राहिली. मनोहररावांनी तिलाही निळ्याची थोरवी सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"साहेब, याईले खाली चक्कर आली आन वर आले, तं तोंड पाण्याच्या वर कोणत्यात राहते?"

मनोहरराव म्हणाले की खरं पाहता कॉलरमध्ये. पण पाहूनच घेऊ.

रामाजी दोन्ही जाकिटं आळीपाळीने फुगवून पाण्यावर हातपाय सैल सोडून पडले. निळ्यात ते हळूहळू पुढे कलले आणि नाक पाण्याला लागलं. कॉलरमध्ये मान मागे टेकली आणि तोंड आभाळाकडे राहिलं. आम्ही त्यांना मुद्दाम पालथं केलं, तरी ते आपोआप उताणे झाले.

"हेच घ्या," कौसल्या म्हणाली आणि डबा उघडला.

मनोहररावांनी त्या संध्याकाळी आम्हा पाच जणांनाही परत टेबलाजवळ बोलावलं. पुन्हा माप घ्या, म्हणाले, आपण रंग पाहून निवडलं. मी बारीक अंगाची. मीही निळं सोडलं.

जूनच्या आधी रामाजींना पहिलं खरं काम मिळालं. कन्हानजवळच्या एका संत्र्याच्या बागेत तीस फूट पाण्याखाली पंपाच्या पाइपाचा सांधा निखळला होता. पाना फिरवायला निदान वीस मिनिटं हवी होती. श्वास कोंडून ते होणं शक्य नव्हतं. त्याच विहिरीत चार वर्षांपूर्वी त्यांनी ते करून पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. मी आणि मनोहरराव दोर धरून वर होतो. कौसल्याही होती.

रामाजी खाली गेले आणि पाण्यावर बुडबुडे यायला लागले. थोडे येत, थांबत, पुन्हा येत. कौसल्या वाकून त्यांच्याकडेच पाहत होती. मी तिला विचारलं, भीती वाटते का?

"नाई वं बाई," ती म्हणाली. "पहिले पाणी मुकं राहे. आता दिसून राहिलं ना, श्वास घेऊन राहिले म्हणून."

सव्वीस मिनिटांनी दोराला खुणेचे तीन झटके बसले. सांधा जुळला होता. रामाजी पायऱ्यांना न लागता मधोमध सावकाश वर आले, तोंडातली नळी काढली आणि बागवानाला म्हणाले की पंप लावून पाहा. पाइपातून आधी गढूळ पाणी आलं, मग साफ.

त्यानंतर सात वर्षं, विहिरीचं काम सोडेपर्यंत, ते टाकी लावून काम करत होते. कॉलर दोनदा फाटली, दोन्ही वेळा सायकलवाल्याकडून पंक्चर काढून आणली. कुणी नवखा शिकायला आला, की रामाजी त्याला जाकीट घालायला लावत, पट्टे कसत आणि म्हणत, "आता डोये मीट गा, आन हवा सोडून दाखव." ज्याला ते जमत नसे, त्याला ते विहिरीत उतरू देत नसत, मग तो कितीही चांगला पोहणारा असो.