घाण्याच्या तेलाची साक्ष

आमच्या गावात दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. गाणी होतात, वचन वाचतात, आणि मग देवाने ज्याचं काही भलं केलं असेल तो उठून साक्ष देतो. कुणाला नोकरी लागली, कुणाचं पोर काविळीतून उठलं, अशा साक्षी मी जन्मभर ऐकल्या. तेलाची साक्ष मात्र गेल्या वर्षी पहिल्यांदाच ऐकली.

देणारे होते आमचे निवृत्त गुरुजी. ते उभे राहिले की अख्खी मंडळी गप्प बसते, कारण निम्म्यांना त्यांनीच शिकवलंय. सुप्याजवळ हायवेला एक लाकडी घाणा निघालाय. पुण्याच्या गाड्या तिथे थांबतात, बैलाऐवजी मोटरवर फिरणारं लाकूड बघून धन्य होतात आणि तेलाचे कॅन घेऊन जातात. गुरुजींनीही कॅन आणला होता.

"रिफाइन्ड तेल म्हणजे विष," ते म्हणाले. "मी पिशवी सोडली, घाण्याचं शेंगदाणा तेल धरलं आणि बीपीची गोळी बंद केली. चार महिने झाले. काल तपासलं, बीपी नॉर्मल. प्रभूची स्तुती असो!"

सभा संपल्यावर त्यांनी यजमानांकडचे चार वडे खाल्ले. ते कशात तळलेत, हे काही विचारलं नाही. रिफाइन्डची फोडलेली पिशवी मला ओट्यावर दिसत होती.

पिशवीतल्या तेलाची तरफदारी मला करायची नाही. आणि स्टँडवरच्या वड्याच्या गाडीवरचं ते काळंभोर तेल, जे दिवसभर उकळतं आणि उद्या त्यातच नवं ओततात, ते तर मी कुत्र्यालाही घालणार नाही. पण तेल बदललं की औषध सुटतं, ही अक्कल फक्त शिकलेल्या माणसांनाच सुचते.

असा एक शिकलेला माणूस आमच्याही घरात आहे. माझ्या नवऱ्याला दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला. गोळी एक दिवसही चुकवायची नाही आणि तळलेलं कमी खायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गुरुजींची साक्ष ऐकून साहेब दुसऱ्याच दिवशी कॅन घेऊन आले. पिठल्यावर तेल, चटणीत तेल, रविवारी भजी. का, तर "घाण्याचं आहे, औषधच समज." मी काही बोलले की माझ्याकडे अडाणी म्हणून बघायचे.

गोळ्यांचं मला कळलं ते मेडिकलवाल्याकडून. "काकू, काकांच्या गोळ्या दुसरीकडनं घेता का? दोन महिनं झालं, न्हेल्याच न्हाईत."

घरी येऊन विचारलं, तर म्हणे, "गुरुजींचं काय वाईट झालं?" मी दंडाला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बीपी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "काका, स्टेंट बंद पडायची वाट बघताय का?" मला भीती वाटत होती आणि रागही आला होता.

त्या शुक्रवारची सभा नेमकी गुरुजींच्या घरी होती. आजवर मी कधी साक्ष द्यायला उठले नव्हते. त्या दिवशी उठले आणि सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाले, "गुरुजी, तुमचं तेल तुम्हाला लाभलं. माझा नवरा मात्र त्यापायी जाणार होता."

गुरुजींनी घसा साफ केला. "विश्वास कमी पडला असेल."

"इस्वास कसला?" स्वयंपाकघराच्या दारातून त्यांची बायको म्हणाली. "तुमची गोळी रोज कुटून चहात घालती मी. पयल्या दिसापासनं."

गुरुजी हातातलं गाण्यांचं पुस्तक उगाच चाळत राहिले. मग कुणीतरी घाईघाईने शेवटची प्रार्थना केली.

मी तिला चुलीपाशी गाठलं. "वहिनी, गुरुजींच्या साक्षीला तुम्हीही होतात, तुम्हाला ठाऊक होतं. माझा नवरा समोर बसून ऐकत होता. त्याच दिवशी का नाही बोललात?"

ती खरोखरच गोंधळली.

"साक्ष चालली हुती की," ती म्हणाली. "साक्षीच्या मधी कुनी बोलतं व्हय?"