मानेवरचा पहिला डाग

त्या रविवारी सकाळी द्वारकानं माझ्या मानेला सनस्क्रीन लावलं. आम्हा नवराबायकोचं रोजचं काम ते, त्या दिवशी शेवटचं. इथं अमेरिकेत, ट्रॉय गावात, आमच्या मुलाच्या, विलासच्या घरामागं लाकडी पायऱ्या आहेत. खालच्या पायरीवर मी, वरच्या पायरीवर ती. त्याशिवाय मला टोमॅटोला पाणी घालायला सोडत नसे. "मान खाली घाला. बैल तरी ऐकतो," म्हणाली. दुपारी मटार सोलता सोलता ती खुर्चीतच कलंडली. अँब्युलन्स आली, गेली... संध्याकाळी विलास एकटाच परत आला. सव्वा महिना झाला त्याला.

मी चौथी शिकलेला माणूस, जन्मभर बस चालवली. मला कोड आहे. मान, कान, दोन्ही हात पांढरे. ब्याऐंशी साली मुलाकडं आलो आणि पहिल्याच उन्हाळ्यात मानेची सालटं निघाली. सून इथं नर्स आहे, तिनं डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, पांढऱ्या जागी कातडीला रंग नाही, ऊन थेट आत लागतं, रोज सनस्क्रीन लावायचं, ढग असले तरी. मी म्हणालो, "तीस वर्षं माझा उजवा हात बसच्या खिडकीत भाजला, तेव्हा कुठं होता हा डॉक्टर?" पण द्वारकानं ते मनावर घेतलं. बर्फ पडला तरी ट्यूब घेऊन हजर! बर्फावरनं ऊन उलटं येतं, हे तिला सुनेनं सांगितलेलं. दर दोन तासांनी घड्याळ बघून मला बागेतनं हाक मारायची. "लग्नात एवढी हळद लागली नसेल तुम्हाला," म्हणून हसायची.

लग्नाचं नाव निघालं की मी गप्प व्हायचो. पहिला डाग लग्नाआधीचा, मानेवर, कॉलरच्या आत, रुपयाएवढा. मुलगी बघायला गेलो तेव्हा आत्यानं बजावलं होतं, "वरचं बटण लाव, मान वळवू नको." मी लावलं. लग्नानंतर चौथ्या दिवशी पाठ चोळताना द्वारकाला तो दिसला. "हे काय?" मी म्हणालो, "मला काय ठाऊक? मागं डोळे आहेत का मला?" ती आता माहेरी जाणार, असं धरून मी खाली मान घालून बसलो. तिनं बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, "दुखतं का?"

माझं खोटं तिला खरं वाटलं. पुढं डाग पसरले, लोक तिच्या तोंडावर म्हणाले, नवऱ्यानं तुला फसवलं. ती भांडायची. "त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं, ते काय फसवणार?" चाळीस वर्षं माझ्या खोट्यासाठी ती खऱ्यासारखी भांडली, आणि मी शेजारी उभा राहून ऐकलं. तिचे वडील गेले, आई गेली, तरी माझं तोंड उघडलं नाही.

त्या रविवारी मानेवर बोट फिरवत ती म्हणाली, "पहिला इथंच होता ना हो?" तोंडापर्यंत आलं होतं... मी म्हणालो, "आटप लवकर, ऊन वर आलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी विलासनं गावी फोन लावला. मेहुण्याच्या घरी फोन नाही, शेजारच्या दुकानातनं त्याला बोलावून आणलं. तिकडं दिवेलागण झाली होती. द्वारका गेली, हे विलासनं सांगितलं. मग फोन मी घेतला. मेहुणा रडत होता. मी म्हणालो, "तो डाग मला लग्नाआधीपासनं ठाऊक होता. मी तुम्हाला सगळ्यांना फसवलं."

विलास समोर उभा होता, त्यानंही ऐकलं. मग मेहुणा म्हणाला, "दाजी, आता हे मला कशाला सांगता?"

"तिला सांगायचं राहिलं रे," मी म्हणालो.

फोन त्यानंही ठेवला नाही, मीही ठेवला नाही.