भूगोल, हिंदी, इतिहास

सांगलीतल्या एका महाविद्यालयात मी बावीस वर्षं इतिहास शिकवतो. मूळचा वाईचा, नोकरीनं इथला झालो. हे लिहितोय ते एका ऑनलाइन फॉर्मबद्दल. तो फॉर्म वाईट होता, आहे, आणि त्याबद्दल मी स्टाफरूममध्ये पुष्कळ बोललो आहे. जे बोललो नाही ते इथे लिहितो.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला जाताना मुलांना एक मुख्य विषय ठरवावा लागतो. पहिल्या वर्षी तीन विषय असतात, त्यातला एक पदवीपर्यंत राहतो. पूर्वी हे कागदावर व्हायचं. खिडकीतले क्लार्क फॉर्म हातात घेऊन मोठ्यानं विचारायचे, "इतिहास ना गं?" मुलगी मान हलवायची, की झालं. आता संकेतस्थळ आहे. मुलाचे तीन विषय संकेतस्थळाला ठाऊक असतात, तरी ते यादीत सगळेच्या सगळे विषय दाखवतं, आणि तेही इंग्रजीत, इंग्रजी वर्णक्रमानं. मोबाइलवर खालचं बटण अर्धं स्क्रीनबाहेर जातं. एक पान मागं गेलं की लॉगिनपासून पुन्हा सुरुवात. शेवटच्या तपासणीच्या पानावर विषयाचं नाव नसतंच, सहा आकडी सांकेतिक क्रमांक असतो. आणि एकदा 'लॉक' दाबलं की विद्यार्थ्याला काही बदलता येत नाही.

या सगळ्यापेक्षा वाईट खोड माउसच्या चाकाची होती. यादीतून विषय निवडायचा आणि पान खाली न्यायला चाक फिरवायचं, तर पान हलायच्या आधी निवडलेला विषयच खाली सरकायचा. यादीबाहेर एकदा क्लिक करून मग चाक फिरवलं तर काही होत नसे. हे मला प्रवेशाच्या पहिल्याच दिवशी कळलं होतं, कारण संगणक कक्षातल्या मदतीच्या टेबलावर माझी नेमणूक होती. मी ते बाकीच्यांना सांगितलंही होतं.

त्या वर्षी आमच्या विभागाची अवस्था नाजूक होती. इतिहास मुख्य विषय म्हणून घेणारी किमान पंधरा मुलं हवीत, नाहीतर दुसऱ्या वर्षाचे तास कमी होणार, असं प्राचार्यांनी सांगितलं होतं. माझी नोकरी कायम. पण विभागातला दुसरा माणूस अकरा वर्षं तासिका तत्त्वावर होता, म्हणजे जेवढे तास तेवढाच तो. कऱ्हाडहून रोज रेल्वेनं यायचा. माझ्याहून चांगलं शिकवायचा, हे मुलंही सांगतील. शेवटच्या दिवशी दुपारी तो संगणक कक्षात डोकावला.

"सर, गिऱ्हाइकं किती झाली?"

"चौदा."

"मग दारात उभं राहून हाळी देऊ का?" असं म्हणून हसत तो तासाला गेला. मला हसू आलं नाही.

त्यानंतर थोड्या वेळानं ती आली. आष्ट्याची मुलगी, पहिल्या वर्षी माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची. सकाळपासून तिच्या मोबाइलवर फॉर्म पुढं जात नव्हता.

"सर, चार वेळा भरला. फोटो घेतंय, सही घेतंय, आणि शेवटी बाहेर काढतंय."

"बस. मी भरून देतो. विषय कुठला?"

"भूगोल."

वडील लष्करात हवालदार होते, आता निवृत्त होऊन शेती बघतात, त्यांनी लहानपणी नकाशा वाचायला शिकवलं, असं तिनं फॉर्म भरता भरता सांगितलं. पुढं तिला सर्वेक्षणाच्या कामात जायचं होतं. मी भूगोल निवडला. मागं रांग होती. मी घाईत चाक फिरवलं. मुद्दाम नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. तपासणीचं पान आलं. मुख्य विषयापुढे जो क्रमांक होता तो भूगोलाचा नव्हता. इंग्रजी यादीत भूगोलाखाली हिंदी आणि हिंदीखाली इतिहास. चाक दोन घरं सरकलं होतं. हिंदीवर थांबलं असतं तर संकेतस्थळानं फॉर्म नाकारला असता, कारण पहिल्या वर्षी तिला हिंदी नव्हतं. इतिहास होता.

माझ्या विषयाचा क्रमांक मला पाठ आहे. मी तो पाहिला. किती वेळ पाहिला ते सांगता येणार नाही, पण ती मुलगी म्हणाली, "झालं का सर?" आणि मी "झालं" म्हणून लॉक दाबलं.

त्या क्षणी मनात काय आलं तेही लिहितो. ही हुशार आहे, इतिहासातही चांगलं करील. चूक यंत्राची आहे. पंधरा झाले. ती माझे आभार मानून एस.टी. पकडायला पळाली.

वर्ग सुरू झाले त्या दिवशी फलकावर याद्या लागल्या. दुरुस्तीची मुदत आदल्या दिवशीच संपली होती. ती मुदत कुठं लिहिली होती म्हणाल, तर संकेतस्थळावरच्या एका सूचनेत, जी उघडायला तीन ठिकाणी क्लिक करावं लागत होतं. ती मुलगी माझ्याकडे आली. रडत नव्हती, फक्त चेहरा उतरला होता.

"सर, माझं नाव तुमच्या यादीत आहे."

"असं कसं झालं? सिस्टीमचा घोळ असणार," मी म्हणालो. हे वाक्य इतक्या सहज आलं की माझं मलाच नवल वाटलं. त्या आठवड्यात कॉलेजात प्रत्येक जण तेच म्हणत होता, आणि बहुतेकांचं खरंही होतं.

दुसऱ्या दिवशी ती वडिलांना घेऊन आली. पांढरा शर्ट, ताठ चाल, हातात कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. आम्ही तिघं प्राचार्यांच्या खोलीबाहेर बाकावर बसलो.

"आवं सर, हिनं नेमकं काय दाबलं म्हणायचं?"

"तसं नाही हो. ती साइटच तशी आहे."

"साइट कशी दाबंल? बोट तर माणसाचंच लागतंय की." मग ते मुलीकडे वळले. "तुला कवापास्नं सांगतोय, सही करायच्या आधी वाचायचं. आमी रायफल ताब्यात घेताना नंबर वाचून घेतोय. आन तू दोन वर्साचा विषय न वाचता घेतलास व्हय?"

ती खाली बघत म्हणाली, "लक्ष न्हवतं माझं, पप्पा."

तिनं माउसला हातही लावला नव्हता. मी बाजूलाच बसलो होतो. सरांनी भरला, एवढं म्हटलं असतं तरी ती सुटली असती. वडिलांसमोर सरांना खाली बघायला लागू नये म्हणून तिनं ते स्वतःवर घेतलं. मी गप्प बसलो. माझ्या आयुष्यातल्या ज्या गोष्टींची मला लाज वाटते, त्यात लॉक दाबणं आहेच, पण त्या बाकावरचं गप्प बसणं त्याच्या वर आहे.

आत प्राचार्यांनी क्लार्कला उशिराच्या दुरुस्तीचा अर्ज उघडायला सांगितला. त्यात 'कारण' असा रकाना होता आणि पर्याय दोनच. तांत्रिक अडचण, किंवा विद्यार्थ्याची चूक. तांत्रिक अडचण निवडली की संकेतस्थळ त्या वेळच्या स्क्रीनचा फोटो मागायचं. तो कुणाकडे असणार?

"विद्यार्थिनीची चूक टाका," प्राचार्य म्हणाले. "हमीपत्रावर तिची सही घ्या. पुन्हा असा निष्काळजीपणा करणार नाही म्हणून. मग बघू, भूगोलात जागा राहिली तर."

क्लार्कनं हमीपत्र छापून तिच्यापुढं ठेवलं. तिनं पेन उचललं. आणि ती ते पूर्ण वाचू लागली, एकेका ओळीवर बोट ठेवून, कारण वडील शेजारी उभे होते.

"थांब," मी म्हणालो. "सही करू नकोस. फॉर्म मी भरला. विषय बदललेला मला दिसला होता. तरी मी लॉक केलं."

प्राचार्यांनी चष्मा काढला. "सर, घाईत नजरचूक झाली असं म्हणायचंय ना तुम्हाला?"

"नाही. मी क्रमांक वाचला होता. आमच्याकडे एक विद्यार्थी कमी होता."

"हे लेखी द्यावं लागेल. कॉलेजची चूक म्हणून विद्यापीठाला पत्र जाईल, आणि एक प्रत तुमच्या फाइलला लागेल."

"देतो."

मी तिथंच बसून अर्ज लिहिला. हवालदार माझ्या खांद्यावरून वाचत होते की नाही, मला माहीत नाही. वर बघायचं धाडस झालं नाही. लिहून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "कालच सांगायचं हुतं की सर. मी हिला घरी लय बोललो." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्याला मी त्याच दिवशी सांगितलं. तो बराच वेळ पेपर चाळत राहिला.

"माझ्यासाठी केलं असं कुणाला सांगू नका सर. मला विचारलं असतंत तर मी नको म्हणालो असतो."

खरंच आहे ते. मी त्याला विचारलं नव्हतं. त्याचं नाव पुढं करून मीच माझी समजूत घातली होती. त्याचे तास निम्मे झाले. दिवाळीनंतर त्याला कऱ्हाडलाच एका महाविद्यालयात तास मिळाले. अजून कधीमधी फोन करतो, आणि मी दरवेळी जरा जास्तच वेळ बोलतो.

पत्राला उत्तर यायला तीन आठवडे गेले. तोवर ती ना इतिहासाच्या तासाला बसायची, ना भूगोलाच्या. वाचनालयात असायची. मी समोरून जाताना ती उठून उभी राहायची, ते मला सहन व्हायचं नाही. एका सोमवारी क्लार्कनं कळवलं, बदल मंजूर झाला. मी तिला सांगायला गेलो. वाटलं होतं, ती लगेच भूगोल विभागाकडे जाईल. ती जागेवरच थांबली.

"सर, तुम्ही याल का बरोबर?"

"मी कशाला? मंजुरीचा कागद आहे ना."

"प्रॅक्टिकल चार झालीत. मी एकटी गेले तर मॅडमना वाटंल, हिनंच काहीतरी घोळ केला असणार. सगळ्यांना तसंच वाटतंय. परवा आमच्या गल्लीतल्या काकूंनीबी विचारलं, तुला फॉर्म भरता येत न्हाई व्हय म्हणून."

तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून सांगितलं तिनं. प्राचार्यांच्या खोलीत सांगून आपण मोकळे झालो, असं मी धरून चाललो होतो. ते चार भिंतीतच राहिलं होतं. बाहेर सगळं अजून तिच्याच नावावर होतं.

आम्ही दोघं दुसऱ्या मजल्यावर गेलो. प्रात्यक्षिकाच्या खोलीत पंचवीसेक मुलं मोठ्या टेबलांवर नकाशे पसरून वाकलेली. भूगोलाच्या मॅडम माझ्याहून वयानं लहान, पण शिस्तीच्या. मी बाजूला बोलवून सांगायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "सर, बोला इथंच. मुलं नकाशावर अंतरं मोजतायत, मला हलता येत नाही."

मग मी तिथंच, सगळ्यांसमोर सांगितलं. फॉर्म मी भरला, विषय चुकला तो मी पाहिला, आणि पाहूनही पाठवला. हिची काही चूक नाही. मुलांची डोकी वर आली. मागं कुणीतरी पट्टी खाली पाडली. काही मुलं माझ्याच पहिल्या वर्षाच्या वर्गातली होती.

मॅडमनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग तिच्याकडे.

"चार प्रॅक्टिकल ना? पुढचे दोन शनिवार थांब. जर्नल आणलंस?"

"आणलंय मॅडम."

खिडकीजवळच्या टेबलावरची एक मुलगी सरकली. आष्ट्याच्या मुलीनं पिशवी खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि नकाशाच्या कोपऱ्यातलं प्रमाण वाचायला वाकली. मी अजून दाराजवळच उभा होतो.

"सर," मॅडम म्हणाल्या, "आता तुम्ही गेलात तरी चालेल."