धुरपतामावशीचा आगाऊ फ्लेक्स

आधीच सांगून टाकतो, चूक माझी होती. पण अशी चूक देवानं पुन्हा माझ्या हातून करवली तरी माझी ना नाही!

लोह्यात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, उद्घाटन, अभिनंदन, श्रद्धांजली, सगळं छापतो. पण जिला श्रद्धांजली वाहायची तीच बाई पिशवी घेऊन समोर उभी, असं कधी घडलं नव्हतं.

“मन्मथ, माझा फ्लेक्स करून ठेव,” धुरपतामावशी म्हणाली. “तारीख तेवढी मोकळी सोड.”

“मावशी, बरं न्हाई का तुमाला?”

“मला काय धाड भरली? ठणठणीत हाय.”

होतीच. वीस वर्षं तिनं शाळेत खिचडी शिजवली. आमच्या गल्लीतली सगळी पोरं तिच्या हातचं खाऊन वाढली, मीसुद्धा. नवरा बारा वर्षांपूर्वी गेला, लेकरूबाळ नाही. आपल्या मागं कुणी धावपळ करावी आणि वर उपकार केल्यासारखं बोलून दाखवावं, हे तिला नको होतं. म्हणून ती महिनाभर स्वतःच्या मरणाची तयारी करत हिंडत होती, आणि तीही लग्नघरातल्या बाईसारखी खुशीत! वखारीत जाऊन लाकडं ठोकून बघितली, ओली नकोत म्हणाली. आचाऱ्याकडं बसून तेराव्याची बुंदी आधीच चाखली आणि म्हाताऱ्यांना चावता येईल अशी मऊ पाड म्हणून बजावलं. भजनी मंडळाला तर अंगणात बसवून म्हणून दाखवायला लावलं, आणि मृदंगवाल्याला म्हणाली, “बसवंत, तू मधीच ताल सोडतूस. माझ्या येळंला सोडू नको.” सगळ्यांचे पैसे रोख, आगाऊ.

फोटो मी काढला. तिला हसराच पाहिजे होता. मागं ढगबिग नको, शाळा टाक म्हणाली.

“खाली शोकाकुल म्हणून कुणाची नावं घालू?” मी विचारलं.

तेव्हा कुठं मावशीचा आवाज उतरला. म्हणाली, “एकच घाल. वैजनाथ. निलंग्याचा. धाकटा भाऊ हाय माझा.”

ती भानगड मला ऐकून माहीत होती. नऊ वर्षांपूर्वी या वैजनाथमामाच्या पोरीचं लग्न झालं आणि पत्रिकेत सख्ख्या आत्याचंच नाव राहिलं. मावशी लग्नाला गेली नाही. मामा समजूत काढायला आला नाही. भाऊबीज बंद ती बंदच!

“सगळं इकत मिळालं रे मन्मथ,” मावशी पदरानं डोळे पुसत म्हणाली. “लाकडं मिळाली, भजन मिळालं. पर बाईचं शेवटचं लुगडं माहेराहून यावं लागतं, भावानं आनावं लागतं. ते कोन्या दुकानात मिळतंय, सांग मला.”

“मामाला फोन लावू का?”

“खबरदार! त्याला यायचं तर तो आपल्या पायानं येईल.”

आता माझी चूक. केलेलं काम गिऱ्हाइकांना दिसावं म्हणून मी रोज सकाळी तयार फ्लेक्स व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवतो. त्या दिवशी घाईत चार फोटो एकदम टाकले. तीन वाढदिवसाचे आणि चौथी धुरपतामावशी! फोन चार्जिंगला लावून मी चौकात बॅनर बांधायला गेलो. परत येऊन बघतो तर साठ-सत्तर मिस्ड कॉल, आणि मावशीचा फ्लेक्स गावोगाव फॉरवर्ड झालेला.

पळत तिच्या गल्लीत शिरलो. आरारारा! दारात लाकडांचा ट्रॅक्टर रिकामा होत होता. भजनी मंडळ टाळ वाजवत आलं होतं. आचाऱ्याचा फोन, तेरावा कोणत्या तारखेला धरू? बाया गल्लीच्या तोंडापासूनच रडत येत होत्या. आणि मावशी ओट्यावर मेथी निवडत बसलेली, नुसती हरखून गेलेली.

“बघ मन्मथ! एकानंबी पैसे बुडवले न्हाईत!”

मी पायच धरले तिचे. ती हसत होती, आल्या-गेल्याला चहा पाजत होती, पण नजर सारखी गल्लीच्या तोंडाकडं. सगळे आले होते. बसवंत तर ताल न सोडता वाजवत होता. एकच माणूस आला नव्हता. दुपार कलली तसं तिचं हसू उतरत गेलं. निलंगा लांब आहे, असं मी दोनदा बोललो. ती मेथीच निवडत राहिली.

चार वाजता जीप येऊन थांबली. आतून एक धोतरवाला म्हातारा “अक्काऽऽ” म्हणून टाहो फोडतच उतरला, छातीशी गाठोडं धरून. माणसं बाजूला झाली आणि समोर अक्का उभी, हातात मेथीची जुडी!

“तू... तू हायस?”

“हाय की!”

म्हाताऱ्यानं गाठोडं तिच्या हातात कोंबलं. मग चप्पल काढून ओरडला, “कुठाय तो फ्लेक्सवाला?” मी लाकडाच्या ढिगामागं होतो.

मावशीनं गाठोडं सोडलं. आत अंजिरी रंगाचं इरकली लुगडं. तिनं घडी उलगडली तर दुमडीवर रंग उडालेला, डांबरगोळीचा वास.

“वैजा, ह्ये आज घेतलेलं न्हाई.”

“न्हाई.”

“मग कवाचं?”

“त्याच सालच्या भाऊबीजेचं. पत्रिकेत तुजं नाव माझ्याच चुकीनं ऱ्हायलं, अक्का. कोन्या तोंडानं यावं? दर दिवाळीला पेटीतून काढून बघायचो, पुन्हा ठेवायचो.” त्याला हुंदका आवरेना. “आन तू... फ्लेक्सवर एकलं माझंच नाव घातलंस.”

मावशी लुगडं घेऊन घरात गेली आणि नेसूनच बाहेर आली. बाया दचकल्या. अहो, ते शेवटचं ना?

“ह्ये भाऊबीजेचं हाय,” ती ठणकावून म्हणाली. “शेवटचं दुसरं आनायचं, वैजा. सोतः आनायचं.”

“आनतो की. पर तू घाई करू नको, अक्का. मला लुगडं आनायला लई येळ लागतो.”

“नऊ वर्षं लागत्यात. म्हाईत हाय मला,” मावशी म्हणाली, आणि नऊ वर्षांचं सगळं रडू तिला तिथंच, ओट्यावर आलं.