पेन्सिलबाईंनी स्वतःच्या डोक्यात काय पाहिलं

वैद्यकीय महाविद्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर माझं ग्रंथालय आणि त्याला लागून पेन्सिलबाईंची खोली. मध्ये नुसतं लाकडी पार्टिशन, त्यामुळे त्यांनी खोडरबर टेबलावर आपटला तरी मला ऐकू यायचं. अठ्ठावीस वर्षं त्या शरीराच्या आतली चित्रं काढत होत्या. यकृत, मूत्रपिंड, तळहाताचे स्नायू, मेंदूच्या रक्तवाहिन्या. खरं नाव हजेरीपटावर होतं. शिपायापासून डीनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी मात्र पेन्सिलबाई.

त्या वर्षी जिन्याजवळची अडगळीची खोली रिकामी झाली आणि तिथे दोन मोठे स्क्रीन आणि एक घरघरणारा कॉम्प्युटर आला. त्याच्यामागोमाग एक पन्नाशीचे गृहस्थ आले. आधी ते जाहिरातींसाठी कॉम्प्युटरवर चित्रं करायचे. ब्रशवर टूथपेस्टचं ते चकचकीत वेटोळं पडतं ना, तसलं काम. त्याच्याही आधी, न बांधलेल्या इमारती बांधून झाल्यासारख्या दाखवायचे. आम्ही त्यांना जाहिरातवाले म्हणू लागलो.

"इमारत नसताना इमारत दाखवायची," पेन्सिलबाई मला म्हणाल्या, "आणि आता हे आजार दाखवणार. बरं आहे."

बोलण्यात हसू होतं, पण चेहरा उतरला होता. चौपन्नाव्या वर्षी आपली जागा एक यंत्र घेणार असं दिसलं की कुणाचाही उतरेल.

तरी कुतूहल त्यांना गप्प बसू देईना. चौथ्या दिवशी त्या जाहिरातवाल्यांच्या दारात उभ्या. मीही मागोमाग गेले.

"रेघ कुठे मारता हो तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"रेघ मारतच नाही, बाई." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "स्कॅनचं मशीन डोक्याचे पातळ पातळ काप दाखवतं. प्रत्येक काप म्हणजे बारीक चौकोनांचा कागद समजा. प्रत्येक चौकोनाला एक आकडा, तो किती उजळ आहे त्याचा. काप एकावर एक रचले की चौकोनांचे ठोकळे होतात. मग मी एक हद्द सांगतो. या आकड्याच्या वरचे ठोकळे ठेव, खालचे फेकून दे. उरलेल्या आकारावर कॉम्प्युटर छोट्या छोट्या त्रिकोणांची जाळी चढवतो."

"आणि छाया?"

"दिवा कुठे आहे ते मी सांगतो. जो त्रिकोण दिव्याकडे तोंड करून आहे तो उजळ, जो पाठ फिरवून आहे तो काळा."

पेन्सिलबाई थक्क होऊन बघत राहिल्या. "अहो, मी जन्मभर हेच केलं. फक्त त्रिकोण मोजले नाहीत."

त्यानंतर त्या रोज दुपारी तिथे जाऊ लागल्या. "शीर एवढी गुलाबी नसते, बाहुलीची आहे का?" असले शेरे पार्टिशनपलीकडून यायचे. जाहिरातवाले कुरकुरत रंग बदलायचे.

महिनाभरानं नवीन प्रोग्रामची चाचणी घ्यायची ठरली. मेंदूच्या रक्तवाहिन्या दाखवायच्या होत्या आणि त्यासाठी कुणीतरी धडधाकट माणूस हवा होता. इंजेक्शन नाही, औषध नाही, चुंबकाच्या नळीत अर्धा तास पडून राहायचं एवढंच. पेन्सिलबाईंनी हात वर केला. "एवढी डोकी काढली, एकदा माझंही निघू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाहिरातवाल्यांनी आम्हाला हाक मारली. काळ्या पडद्यावर लालसर फांद्यांचं एक झाड हळूहळू फिरत होतं. कवटी नाही, मेंदू नाही, फक्त रक्ताच्या वाटा. सुरुवातीला त्यावर खडबडीत ठिपक्यांची घाण चिकटलेली होती.

"ही मशीनची कुरबुर," ते म्हणाले. "हद्द थोडी वर नेली की साफ." त्यांनी एक बटण सरकवलं. ठिपके गेले आणि झाड लखलखीत झालं. मी टाळीच वाजवली.

पेन्सिलबाई मात्र पुढे वाकल्या. "मागे न्या."

"काय?"

"ते बटण. होतं तिथे न्या."

त्यांनी नेलं. घाण परत आली. पेन्सिलबाईंनी स्क्रीनला बोट न लावता एक जागा दाखवली. मेंदूच्या पुढच्या बाजूला दोन वाहिन्या शेजारून जातात आणि त्यांना जोडणारा एक आखूड पूल असतो. त्या पुलावर एक गोळा होता. वाटाण्याएवढा, बारीक मानेचा, कळीसारखा वर आलेला.

"घाणच असेल ती," जाहिरातवाले म्हणाले.

"घाण विस्कटलेली असते. याला मान आहे. हा पूल मी कमीत कमी तीनशे वेळा काढलाय, यावर काही नसतं." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "फिरवा."

चित्र फिरलं. गोळा बाजूने दिसला, खालून दिसला, मागून दिसला. कुठूनही पाहा, होताच. आतलं रक्त संथ फिरत असल्याने तिथले ठोकळे अंधूक होते, म्हणून हद्द वर नेताच ते घाणीबरोबर फेकले गेले होते. जाहिरातवाल्यांचा हात माउसवर तसाच राहिला. चाचणीचं स्कॅन म्हणून ते अजून कुठल्याही डॉक्टरनं पाहिलं नव्हतं.

"हे माझंच आहे ना?" पेन्सिलबाईंनी विचारलं. "दुसऱ्या कुणाचं चुकून आलं नाही?"

जाहिरातवाल्यांनी कोपऱ्यातला नंबर पाहिला. मग म्हणाले, "तुमचंच." आणि ते चित्र साफ झाल्यावर मी टाळी वाजवली होती.

तासाभरात मेंदूच्या सर्जन खाली आल्या. उंच, तुटक बोलणाऱ्या बाई. त्यांनी आधी मूळ काप पाहिले, मग चित्र, मग पुन्हा काप.

"वाहिनीची भिंत पातळ होऊन फुगली आहे. असे फुगे पुष्कळांच्या डोक्यात असतात, जन्मभर काही करत नाहीत. पण याचा आकार आणि जागा मला आवडत नाही. फुटला तर वेळ मिळत नाही." मग त्यांनी विचारलं, "घरात कुणी अचानक गेलं होतं?"

 पेन्सिलबाई म्हणाल्या, "आई. सत्तेचाळीस वर्षांची होती. दोरीवर कपडे वाळत घालत होती. 'डोकं, डोकं' म्हणाली आणि पडली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं."

"काय झालं ते कुणी सांगितलं?"

"त्या दिवशी सकाळी बाबांचं आणि तिचं कडाक्याचं भांडण झालं होतं. सगळे म्हणाले, धसक्यानं गेली. बाबांनी मारलं तिला." त्या थांबल्या. "आम्हीही तेच म्हणालो."

सर्जनबाईंनी पेन खाली ठेवलं. "इतक्या वर्षांनी खात्री कुणीच देऊ शकणार नाही. पण असे फुगे काही घरांमध्ये चालत येतात. पैज लावायची तर मी यावरच लावीन."

पेन्सिलबाईंचे यजमान शाळेत पी.टी. शिकवायचे. घरी कळल्यावर ते म्हणाले, "उद्यापासून भाजीची पिशवी तू उचलायची नाहीस." एवढंच सुचलं त्यांना. पुढे जवळजवळ आठवडाभर ते घरात चवड्यांवर चालत होते, जणू पावलांच्या आवाजानं काही फुटेल.

ऑपरेशनची तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली. मधल्या रविवारी पेन्सिलबाई वडिलांकडे गेल्या. पुढचं त्यांनीच मला सांगितलं.

वडील ऐंशीचे, निवृत्त पोस्टमन, बसच्या शेवटच्या थांब्याजवळ दोन खोल्यांत एकटे राहायचे. आई गेल्यावर थोरल्या भावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. पेन्सिलबाई वर्षातून दोनदा जायच्या, औषधं ठेवायच्या, चहा न घेता निघायच्या. त्या दिवशी त्या बसल्या. चित्राचा कागद टेबलावर पसरला आणि सगळं सांगितलं.

म्हाताऱ्यानं भिंग आणलं. बराच वेळ कागदावर धरलं.

"हे तुझं डोकं?"

"हो, बाबा."

"आणि तिच्याही डोक्यात असंच होतं?"

"असणार, असं डॉक्टर म्हणतात. खात्री नाही."

त्यांनी भिंग ठेवलं. "मी ताट भिरकावलं होतं त्या दिवशी. तिला लागलं नाही, पण भिरकावलं होतं. मी ओरडलो नसतो तर त्या दिवशी फुटला नसता?"

 "सांगता येत नाही, बाबा. कपडे वाळत घालतानाही फुटतो. झोपेतही फुटतो."

"एकतीस वर्षं मला वाटत होतं मी तिला मारलं."

"आम्हालाही तेच वाटत होतं."

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा असा काही मोडला की पेन्सिलबाईंना तो पाहवेना. "आणि तू आता असलं डोकं घेऊन बसनं इथवर आलीस? एकटी? वेडी आहेस का?" त्या वयातही ते लेकीवर ओरडले, आणि ओरडल्यावर स्वतःच घाबरून तोंडावर हात ठेवला.

ऑपरेशनच्या आधी सर्जनबाई दोन दिवस जाहिरातवाल्यांकडे येऊन बसल्या. नेहमी त्या अशा जागी उजवीकडून शिरत. चित्र उजवीकडून वळवलं तर फुग्याची मान वाहिनीआड लपत होती; डावीकडून स्वच्छ दिसत होती. त्यांनी बाजू बदलली. जाहिरातवाले मला म्हणाले, "बाई, टूथपेस्ट चुकली तर पुन्हा करता येते हो." त्या आठवड्यात त्यांनी दाढी केली नव्हती.

साडेपाच तास लागले. मानेवर इवलीशी क्लिप बसली आणि फुगा बंद झाला. पेन्सिलबाई तिसऱ्या दिवशी उठून बसल्या, सगळ्यांना ओळखलं, पेन्सिल मागून रेघ ओढून पाहिली. रेघ सरळ आली. वास मात्र कळेनासा झाला; वासाच्या नसा त्याच वाटेवर असतात. घरी गेल्यावर यजमानांच्या हातून दूध करपलं, सगळं घर धुरानं भरलं आणि या शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होत्या. तेव्हा कळलं. तो काही परत आला नाही.

थोरल्या भावाला स्कॅन करायला त्यांनी अक्षरशः ओढून आणलं. त्याच्या डोक्यात काही निघालं नाही. रिपोर्ट हातात घेऊन तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "मी काय तोंडानं जाऊ त्यांच्याकडे?" आठवडाभर गेला नाही. मग गेला. दार उघडल्यावर म्हणे वडिलांनी आत जाऊन दुसरी खुर्ची आणली. त्या घरात ती कपड्यांच्या ढिगाखाली होती, ढीग उपसायलाच दहा मिनिटं गेली.

पेन्सिलबाई आता अर्धा दिवस जाहिरातवाल्यांच्या खोलीत असतात. प्रत्येक रुग्णाचं साफ केलेलं आणि न केलेलं, दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवायची हा त्यांचा दंडक. दोघांचं रोज वाजतं. "केवढी घाण ही, बघवत नाही," ते म्हणतात. "बघायचीच आहे," या म्हणतात, आणि चष्मा पुसून पुढे सरकतात.