काचेआडचा खिसा

संग्रहालयात काचेआड व्हिक्टोरिया राणीच्या काळातला एक झगा उभा होता. कंबर मुठीत मावेल एवढी, आणि घेर असा की दारातून जाताना अंग चोरावं लागेल. शेजारी त्याच्या आत घालायचा लोखंडी कड्यांचा पिंजरा टांगला होता.

"अगं, ही बसायची तरी कशी?" मावशी हसून म्हणाली. मीही हसले. दुसरीचा पिंजरा आपल्याला लगेच दिसतो.

मग तिला शिवणीत दडलेली चीर दिसली. "खिसा आहे गं हिला."

तिचं हसू थांबलं. तिनं कमरेला खोचलेला रुमाल चाचपला, मग ब्लाउजमधली किल्ली. एवढंही ठेवायला आम्हाला कधी हक्काची जागा नव्हती.

पायऱ्या उतरताना तिनं हळूच विचारलं, "तुझा शिंपी परकराला खिसा लावून देईल का गं?"